टुंगारा, वटवाघूळ आणि टाकीवरचा फेस

टुंगारा हा बेडूक दिसायला अगदी सामान्य आहे. लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर, रंग मातकट तपकिरी, पाठीवर बारीक उंचवटे. मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंत तो आढळतो आणि राहण्यासाठी त्याला घनदाट अरण्यच हवे असे नाही. रस्त्याकडेचे डबके, गाडीच्या चाकोरीत साचलेले पाणी, गुरांच्या खुरांनी पडलेला खळगा, एवढे त्याला पुरते. ज्या मुलुखात लाल, निळे, सोनेरी रंगांचे विषारी बेडूक आहेत, तिथे हौसेने छायाचित्रे काढायला आलेला माणूस या बेडकाकडे ढुंकूनही पाहणार नाही. तरीही प्राण्यांच्या वर्तनाबद्दल गेल्या चार-साडेचार दशकांत या एका बेडकाने जेवढे शिकवले, तेवढे शिकवणारे प्राणी फार थोडे असतील. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी प्राणिशास्त्र शिकवते. पनामा मी पाहिलेला नाही आणि टुंगाराची हाक ऐकली आहे तीही ध्वनिमुद्रणातूनच. पण पावसाळा लागला की वर्गात त्याचा विषय काढल्याशिवाय मला राहवत नाही. तो मी का काढते, हे एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

टुंगाराचा अभ्यास मुख्यतः पनामात झाला. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदीवर धरण बांधले गेले, गातून नावाचा विस्तीर्ण जलाशय तयार झाला आणि त्यात एका टेकडीचा माथा तेवढा पाण्याबाहेर राहिला. तेच बारो कोलोरॅडो बेट. जायकवाडीच्या पाण्याखाली गेलेली गावे ज्यांच्या घरच्या बोलण्यात अजून येतात, अशा आपल्या लोकांना धरणाने भूगोल कसा बदलतो हे वेगळे सांगायला नको. या बेटावर अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे संशोधन केंद्र आहे. तिथे स्टॅन्ली रँड हे अभ्यासक टुंगाराच्या आवाजाकडे आधीपासून लक्ष देऊन होते, आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस मायकल रायन हा तरुण विद्यार्थी तिथे पोहोचला. रायन यांनी रात्रीमागून रात्री डबक्याकाठी बसून काढल्या. नरांवर खुणा केल्या; कोणता नर कोणत्या रात्री आला, त्याने कशी हाक घातली, मादी कोणाकडे गेली, याच्या नोंदी ठेवल्या. या कामातून १९८५ साली टुंगारावर एक स्वतंत्र ग्रंथच झाला.

या नराच्या हाकेचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे वरून खाली घसरत येणारा एक लांब सूर, साधारण एक तृतीयांश सेकंदाचा. तो प्रत्येक हाकेत असतोच. दुसरा भाग ऐच्छिक असतो: त्या सुराच्या शेवटी नर एक किंवा अनेक तुटक, खरखरीत ‘चक्’ जोडतो. एकटा असलेला नर बहुधा नुसता सूर काढून भागवतो. शेजारी दुसरे नर ओरडू लागले की चक् यायला लागतात. हे चक् काढण्यासाठी त्याच्या स्वरयंत्रात तंतुमय ऊतींचा एक गोळा लोंबत असतो. तो काढून टाकला तर नर सूर काढतो, चक् मात्र काढू शकत नाही, हे २००६ साली प्रयोगाने दाखवले गेले. मादीच्या कानाची रचनाही लक्षात घेण्याजोगी आहे. बेडकाच्या अंतःकर्णात ऐकण्याची दोन वेगवेगळी इंद्रिये असतात. टुंगाराच्या सुरातली मुख्य ऊर्जा, सुमारे ७०० हर्ट्झची, त्यांपैकी एकाला जागे करते आणि चक्‌मधली त्याहून बऱ्याच वरच्या पट्टीतली ऊर्जा दुसऱ्याला. म्हणजे एकाच हाकेत दोन निरोप असतात आणि ते दोन वेगळ्या दारांनी आत जातात.

दोन ध्वनिक्षेपक समोरासमोर ठेवून एकातून नुसता सूर आणि दुसऱ्यातून सूर अधिक चक् वाजवला, तर मधोमध सोडलेली मादी बहुतेक वेळा चक्‌च्या दिशेने जाते. त्यातही खर्जातला चक् तिला जास्त भावतो. नर जितका मोठा तितका त्याचा चक् खालच्या पट्टीतला असतो आणि मादीच्या आकाराशी जुळणारा मोठा नर मिळाला तर अंडी जास्त प्रमाणात फळतात. इथपर्यंतची गोष्ट सरळ आहे. वर्गातली मुले मग विचारतातच, आणि मी तो प्रश्न यावा म्हणून थांबते: चक् काढल्याने एवढा फायदा होत असेल, तर नर प्रत्येक वेळी चक् का काढत नाही?

याचे उत्तर अंधारातून उडत येते. ट्रॅकॉप्स सिरोसस नावाचे एक वटवाघूळ त्या प्रदेशात आहे; त्याच्या ओठांवर आणि हनुवटीवर बारीक गाठी असतात. बेडूक हे त्याच्या आवडीचे खाणे. मर्लिन टटल या वटवाघूळ-अभ्यासकाने बारो कोलोरॅडोवर या वटवाघळाच्या तोंडात बेडूक पाहिला आणि मग रायन व टटल यांनी मिळून डबक्याकाठी ध्वनिक्षेपक ठेवले. १९८१ आणि १९८२ साली त्यांनी जे प्रसिद्ध केले ते आजही वाचताना अंगावर काटा येतो. वटवाघूळ बेडकाच्या हाकेवरच नेम धरून येते. खाण्याजोगा बेडूक आणि विषारी भेक (खडबडीत कातडीचा टोड) यांच्या हाका त्याला वेगळ्या ओळखता येतात. आणि नुसत्या सुरापेक्षा सूर अधिक चक् असलेल्या हाकेकडे ते जास्त येते. जी हाक मादीला मोहात पाडते, तीच हाक मृत्यूलाही वाट दाखवते. नर चक् काढायला कचरतो तो यामुळे. आजूबाजूला पुष्कळ नर ओरडत असले की एकेकट्याच्या वाट्याला येणारा धोका कमी होतो आणि स्पर्धा वाढते, म्हणून गर्दीत चक् वाढतात.

मला या गोष्टीत सगळ्यात मोलाचे वाटते ते हे, की ‘लैंगिक निवड’ (जोडीदाराच्या पसंतीने गुण टिकणे) आणि ‘नैसर्गिक निवड’ (जगायला मदत करणारे गुण टिकणे) हे दोन शब्द पाठ्यपुस्तकात दोन वेगळ्या परिच्छेदांत असतात आणि विद्यार्थी ते दोन वेगळ्या गुणांसाठी पाठ करतात. इथे मात्र ते दोन्ही तीन सेंटिमीटरच्या एका प्राण्याच्या गळ्यात, एकाच क्षणी, एकमेकांविरुद्ध ओढ घेताना दिसतात.

पुढे या हाकेचे आणखी श्रोते सापडत गेले. बेडकाचे रक्त शोषणारी कोरेथ्रेला जातीची इवली चिलटे याच हाकेचा माग काढत येतात आणि नराच्या नाकपुड्यांजवळ बसतात. त्यांनाही चक् असलेली हाक जास्त खेचते. २०१४ साली एक वेगळीच बाब उजेडात आली. नर पाण्यात तरंगत हाक घालतो तेव्हा त्याची स्वरपिशवी फुगते, आटते आणि त्यामुळे पाण्यावर वलये उठतात. वटवाघूळ डोक्यावर आल्याची चाहूल लागताच नर गप्प होतो, पण वलये त्यानंतरही काही क्षण पसरत राहतात. आणि वटवाघळाला प्रतिध्वनीवरून ही वलये कळतात. म्हणजे तोंड मिटले तरी पाणी चहाडी करते. डबक्यात पालापाचोळा पडलेला असला तर वलये मोडतात आणि नराला तेवढा आडोसा मिळतो. पावसाळ्यात डबक्यातला पाला पाहिला की हा प्रयोग मला आठवतो. ज्याला आपण घाण म्हणतो ती कोणाची तरी ढाल असू शकते.

चक् किती काढावेत, याचेही उत्तर संशोधकांनी शोधले. मादीला जास्त चक् आवडतात हे खरे, पण तिला संख्येतला नुसता फरक कळत नाही, प्रमाण कळते. एकावर एक वाढला तर तो फरक मोठा. पाचावर एक वाढला तर तो जवळजवळ जाणवत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वटवाघळाचेही नेमके असेच असल्याचे दिसले. म्हणून नराने चक् वाढवत नेण्यात एका मर्यादेपुढे हशील उरत नाही, आणि ती मर्यादा केवळ शत्रूच्या भीतीने नव्हे तर ऐकणारीच्या मेंदूने घातलेली असते. २०१५ सालच्या एका प्रयोगात तर मादीपुढे दोनच पर्याय ठेवले असता तिने ज्याला पसंत केले, तिसरा कमी प्रतीचा पर्याय शेजारी येताच तिची पसंती बदललेली आढळली. दुकानात ग्राहकाला भुलवण्याची ही युक्ती बाजारवाल्यांना माहीत असते. बेडकाच्या निवडीतही ती चालते हे कळल्यावर ‘निवड’ या गोष्टीकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहू लागले.

आणखी एक प्रयोग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. टुंगाराचा एक भाऊबंद इक्वेडोरच्या बाजूला राहतो. त्याचे नर चक् काढतच नाहीत. रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या बेडकाच्या ध्वनिमुद्रित हाकेला टुंगाराचा चक् जोडला आणि त्याच जातीच्या माद्यांना ऐकवला. ज्यांच्या नरांनी कधी चक् काढलेला नाही अशा माद्यांनी चक् असलेली हाक पसंत केली. १९९३ साली हे प्रसिद्ध झाले. याचा अर्थ असा लावला गेला की ओढ आधीपासूनच मादीच्या कानात होती, आणि टुंगाराच्या नराने कधीतरी उत्क्रांतीच्या ओघात ती हेरली. सौंदर्य आधी की सौंदर्य ओळखणारे इंद्रिय आधी, या प्रश्नावर माणसांनी पुष्कळ लिहिले आहे. या बेडकापुरते तरी त्याचे उत्तर ध्वनिक्षेपक आणि धीर एवढ्या सामग्रीवर मिळाले.

इथे मला आमच्या प्रयोगशाळेबद्दल लिहायला हवे. मी शिकत होते तेव्हा बेडूक म्हणजे मेणाचा थर दिलेल्या ट्रेमध्ये चारी पाय टाचण्यांनी खिळवलेला प्राणी. तो बहुधा आपला मोठा पावसाळी बेडूक असे, ज्याला तेव्हाच्या पुस्तकात राना टायग्रिना म्हणत आणि आता होप्लोबॅट्राकस टायगेरिनस म्हणतात. पोटावर उभा छेद घ्यायचा, मग दोन आडवे, त्वचा बाजूला करायची, आणि धडधडणारे हृदय, पित्ताशय, पिवळे बोटांसारखे मेदपिंड ओळखून आकृती काढायची. वर्गातल्या कोणालाही हा बेडूक जिवंतपणी काय करतो हे विचारले असते तर ‘कीटक खातो’ यापलीकडे उत्तर आले नसते. आम्ही त्याचे यकृत किती खंडांचे ते सांगू शकत होतो आणि त्याची हाक कोणाला उद्देशून असते ते आम्हाला ठाऊक नव्हते. परीक्षेत त्याबद्दल विचारतही नसत.

बेडकाचे विज्ञानावर जुने ऋण आहे, ते मी कमी लेखत नाही. अठराव्या शतकात गॅल्व्हानीने बेडकाच्या सुट्या पायात स्नायू आखडताना पाहिला आणि शरीरातल्या विजेचा विचार सुरू झाला. १९२१ साली ओटो लोवी यांनी बेडकांच्या दोन हृदयांवर केलेल्या प्रयोगाने मज्जातंतू रसायनांच्या मार्फत निरोप देतात हे सिद्ध केले आणि १९३६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकाच्या पेशीतले केंद्रक बाहेर काढून जॉन गर्डन यांनी जे काम केले, त्याला २०१२ साली तोच मान मिळाला. या सगळ्यातून औषधशास्त्राला जे मिळाले ते प्रचंड आहे. पण आमच्या ट्रेमधल्या बेडकांनी नवे काहीच दिले नाही. तीच आकृती वर्षानुवर्षे काढली गेली. त्याशिवाय आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी जेवणावळींसाठी जहाजे भरभरून गेल्या, त्या वेगळ्याच. ती निर्यात १९८७ साली बंद झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली विच्छेदन कमी करण्याच्या सूचना दिल्या आणि २०१४ साली ते थांबवायला सांगितले. ते योग्यच झाले. पण ट्रे कपाटात गेल्यावर बेडूकही अभ्यासक्रमातून जवळजवळ निघून गेला आणि त्याच्या जागी पडद्यावरची आकृती आली, याचे मला फार वाईट वाटते. बेडूक कापायचा नाही याचा अर्थ बेडकाकडे पाहायचेच नाही असा होत नाही. टुंगाराचा बहुतेक सगळा अभ्यास नेमका इथून सुरू होतो: प्राणी जिवंत आहे, आपल्या जागी आहे, स्वतःच्या कामात आहे, आणि माणूस शेजारी बसून ऐकतो आहे.

आमच्या अंबाजोगाईच्या घरी गच्चीखाली सिमेंटची जुनी टाकी आहे. टँकरच्या दिवसांत ती भरून ठेवतात, एरवी पावसाचे पाणी तिच्यात उतरते. एका जुलैत सकाळी सासूबाईंनी मला हाक मारली. “अगं, हे टाकीला काय लागलंय बघ. साबण सांडलाय का कुणी? झाडून काढू का?” टाकीच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या वर वीतभर अंतरावर, पिवळसर पांढरा फेसाचा गोळा चिकटलेला होता. बाहेरून किंचित वाळून त्यावर साय धरली होती, आत बोट घातले तर ओला असावा असे वाटत होते. मी म्हटले, “राहू द्या आई, बेडकाची अंडी आहेत.” त्यांना ते काही केल्या पटेना. “बेडकाची अंडी पाण्यात असत्यात, माळेवानी. हे लोणी घुसळल्यासारखं कसं?” त्यांचे निरीक्षण चूक नव्हते, भेकाच्या अंड्यांच्या माळा त्यांनी ओढ्यात पुष्कळ पाहिलेल्या. हे काम होते झाडबेडकाचे, पॉलिपेडेट्स मॅक्युलेटसचे. हा सडपातळ, बोटांच्या टोकांशी चपट्या चकत्या असलेला बेडूक मराठवाड्यात न्हाणीघरात, रांजणामागे, दाराच्या चौकटीत दिवस काढतो आणि रात्री ‘टक्, टक्’ असा कोरडा आवाज करतो. चौथ्या दिवशी फेस खालून सैल होऊ लागला आणि त्यातून बारीक बेडूकमासे एकेक करून खाली पाण्यात पडू लागले. सासूबाई बॅटरी घेऊन टाकीत वाकून पाहत होत्या. त्या दिवसापासून आमच्या घरी फेस कोणी झाडत नाही.

टुंगाराही फेसाचेच घरटे करतो, आणि दोघांचा संबंध जवळचा मुळीच नाही. दोन वेगळी कुळे, दोन वेगळी खंडे. टुंगारामध्ये मादी अंड्यांबरोबर एक स्राव सोडते आणि तिच्या पाठीवरचा नर मागच्या पायांनी तो घुसळून फेस करतो. आपल्या झाडबेडकात घुसळण्याचे कष्ट मादीचे. टुंगाराचा फेस पाण्यावर तरंगतो, आपला भिंतीला किंवा फांदीला लटकतो. परंतु अडचण एकच: पाणी केव्हा आटेल याचा नेम नाही आणि अंडी मऊ, उघडी. त्या अडचणीला दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सारखेच उत्तर सापडले.

टुंगाराचा नर घरटे कसे बांधतो हे २०१० साली बारकाईने पाहिले गेले. तो आधी बुडबुड्यांचा पातळ तराफा तयार करतो, मग एका लयीत थांबत थांबत घुसळून मुख्य बांधणी करतो, आणि शेवटी घुसळणे हळूहळू कमी करत थांबतो. अंडी मधोमध राहतात आणि बाहेर अंडी नसलेल्या फेसाचे आवरण येते; ते बाहेरून घट्ट होते आणि आतल्या अंड्यांना ऊन, कोरडेपणा, जंतू यांपासून वाचवते. या फेसाचे रहस्य ग्लासगो विद्यापीठातल्या माल्कम केनेडी आणि ॲलन कूपर यांच्या गटाने उलगडत नेले. त्यात रानास्प्युमिन या नावाची प्रथिने असतात. त्यांपैकी एक पाण्याचा पृष्ठताण कमी करते, म्हणजे साबण जे करतो तेच करते. पण साबण पेशींची आवरणे फाडतो आणि हे प्रथिन तसे करत नाही, नाहीतर त्यातली अंडीच जगली नसती. पाण्यात ते मिटलेले असते आणि हवा व पाणी जिथे भेटतात तिथे येताच उलगडून पसरते. सासूबाईंना आठवला तो साबणच, हे मला फार अर्थपूर्ण वाटले.

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न विचारणाऱ्या पालकांसाठी इथे उत्तर तयार आहे. २०१० साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठातल्या संशोधकांनी या प्रथिनाच्या फेसात प्रकाशसंश्लेषणाची विकरे बसवून सूर्यप्रकाशापासून साखर बनवण्याची व्यवस्था करून दाखवली. २०२१ साली स्कॉटलंडमधल्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या गटाने टुंगाराच्या फेसात प्रतिजैविक मिसळले तर ते सावकाश, कित्येक दिवस झिरपत राहते असे दाखवले. भाजलेल्या जखमेवर किंवा संसर्ग झालेल्या त्वचेवर असा फेस लावता यावा, ही त्यामागची आशा आहे. हे सगळे मी सांगते आणि आनंदाने सांगते. पण एक गोष्ट मी आवर्जून जोडते: औषधाची कल्पना ज्यांना सुचली, त्यांच्या आधी कितीतरी वर्षे कोणीतरी डबक्यावर तरंगणाऱ्या पांढऱ्या गोळ्याकडे नुसते कुतूहलाने पाहिले होते. उपयोगाचा प्रश्न आधी विचारला असता तर फेसाकडे कोणी वाकून पाहिलेच नसते.

मराठवाड्यात बेडकाचे आणि पावसाचे नाते वेगळे समजावून द्यावे लागत नाही. मृग कोरडा गेला की गावोगाव ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत कडुनिंबाचा पाला नेसलेली मुले दारोदार फिरत आणि मुसळाला बांधलेला बेडूक त्यांच्याबरोबर असे. बेडकाला बांधून पाऊस येत नाही, आणि ती प्रथा मागे पडली ते बरे झाले. तरी ज्या माणसांना ती सुचली त्यांना बेडूक आणि पाणी एकत्र येतात याची खूण पटलेली होती. जमिनीत खोल भेगा पडणाऱ्या काळ्या रानात, जिथे उन्हाळ्यात माणसासाठीच पाणी उरत नाही, तिथे बेडूक राहतो तरी कसा, हाच मुळात एक मोठा अभ्यासाचा विषय आहे. स्फेरोथेका वंशाचे बिळे करणारे बेडूक मागच्या पायाच्या टाचेवर फावड्याच्या कामी येणारा एक कठीण उंचवटा घेऊन जन्माला येतात. त्याने माती उकरत ते पाठमोरे जमिनीत शिरतात आणि ओलाव्यापाशी थांबतात. नांगरटीत किंवा विहीर खणताना हे गोल, फुगीर बेडूक निघाल्याचे शेतकरी सांगतात. पहिला दणकट पाऊस झाला की ते एकाच रात्री वर येतात, ओरडतात, अंडी घालतात. मोठ्या पावसाळी बेडकाचे नर तर त्या दोन-चार दिवसांत पिवळेधमक होतात आणि त्यांच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या निळ्या पडतात. न पाहिलेल्या माणसाला ते दुसऱ्याच कुठल्या देशातले प्राणी वाटतात. डबके आटण्याच्या आत बेडूकमाशाला पाय फुटले पाहिजेत, ही सगळी धावपळ त्यासाठी.

ते डबके आता राहत नाही, ही माझी काळजी. बांध नांगरले गेले, गावाशेजारचे खळगे भराव टाकून सपाट झाले, सोयाबीनवर फवारलेले औषध पहिल्याच पावसात वाहून ओढ्याला जाते. शेततळी झाली हे शेतकऱ्याच्या दृष्टीने चांगलेच आहे. पण प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्याचा उतार इतका गुळगुळीत असतो की आत पडलेल्या बेडकाला वर येता येत नाही. मेलेले बेडूक कडेला तरंगताना मी पाहिले आहेत. एका नातेवाइकाच्या शेततळ्यात आम्ही जुन्या पोत्यांची लांब पट्टी शिवून काठावरून पाण्यापर्यंत सोडली, तेव्हा दुसऱ्या सकाळी पोत्यावर चिखलाच्या ओल्या खुणा होत्या. पाच मिनिटांचे काम आहे, आणि ते प्रत्येक शेततळ्यावर व्हावे असे मला मनापासून वाटते.

टुंगाराच्या बाबतीत २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास माणसांच्या वस्तीबद्दलच आहे. शहरात राहणाऱ्या टुंगाराचे नर जंगलातल्या नरांपेक्षा जास्त चक् काढतात, कारण शहरात वटवाघळे आणि चिलटे कमी. त्यांना जंगलात नेऊन सोडले तर ते चक् कमी करतात. जंगलातल्या नरांना शहरात आणले तर मात्र त्यांना तेवढे वाढवता येत नाहीत. वर्गात हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “मॅडम, आपल्याकडं बेडूक खाणारं वटवाघूळ आहे का?”

आहे. मोठ्या, कपाळावर एकमेकांना जोडलेल्या कानांचे मेगाडर्मा लायरा हे वटवाघूळ जुन्या इमारतींत, लेण्यांत, भुयारांत राहते आणि टोळ, पाली, उंदीर, बेडूक असे बरेच काही खाते. मदुराईच्या जी. मारिमुथू आणि जर्मनीच्या गेऱ्हार्ड नॉयवायलर यांनी १९८७ साली दाखवले की भक्ष्याच्या हालचालीने होणाऱ्या बारीक आवाजावरून हे वटवाघूळ अंधारात बेडूक टिपते. टाकीवरच्या झाडबेडकाच्या ‘टक्, टक्’कडे ते कान देते का, हा त्या मुलीचा पुढचा प्रश्न होता, आणि वर्गात त्या तासाला इतर काही शिकवून झाले नाही.

त्यानंतरच्या रविवारी ती आणि तिच्या दोन मैत्रिणी गावाबाहेरच्या जुन्या बारवेत गेल्या. हे वटवाघूळ शिकार घेऊन ठरलेल्या जागी लटकते आणि नको असलेले भाग खाली टाकते, असे मी त्यांना सांगितले होते. कमानीखालच्या दगडावरून त्यांनी जे गोळा केले ते वर्तमानपत्राच्या कागदावर पसरून मला दाखवले: टोळांचे पुष्कळ पंख, पालीच्या शेपटीचा एक तुकडा, आणि वाळून कडक झालेले बेडकाचे एक पाऊल. भिंगाखाली धरल्यावर बोटांच्या टोकांशी चपट्या चकत्या स्पष्ट दिसल्या; म्हणजे ते झाडबेडकाचे. तो ओरडणारा नर होता की फेस करायला पाण्याकडे निघालेली मादी, हे एका पावलावरून ठरत नाही. म्हणून आता बारवेच्या आतल्या पायरीवर मोबाइल ठेवून संध्याकाळी सातपासून ध्वनिमुद्रण करायचे, आणि रोज सकाळी दगड झाडून त्यावर रात्री काय पडले ते मोजायचे, असे त्यांनी ठरवले आहे. मोबाइल कोणाचा ठेवायचा यावर अजून एकमत व्हायचे आहे.